चांदीची आगगाडी आणि ग्वाल्हेरचा राजा

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव-सुर्जी हे नाव इतिहासाच्या पुस्तकात एका तहामुळे आले. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात येथे तह झाला आणि महादजींनी उत्तर हिंदुस्थानात उभ्या केलेल्या सत्तेचा दिल्ली, आग्रा व गंगा-यमुनेचा दुआब हा गाभाच इंग्रजांच्या हाती गेला. त्याच्या महिनाभर आधी, २९ नोव्हेंबरला, आज अकोला जिल्ह्यात असलेल्या अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडदळ यांना आर्थर वेलस्लीने हरवले होते. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. एका लहानशा पट्ट्यात आणि एका महिन्याच्या अवधीत मराठ्यांच्या दोन मोठ्या घराण्यांचे भवितव्य वऱ्हाडच्या काळ्या मातीवर ठरून गेले.

पुढे याच अंजनगावातून मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी धावू लागली. वऱ्हाडने तिला लाडाने शकुंतला म्हटले. तह आणि ही गाडी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण त्या तहात हरलेल्या दौलतरावांच्या गादीवर चौथा बसलेला पुरुष मात्र अशाच, किंबहुना याहूनही अरुंद, रुळांच्या नादाने पछाडलेला निघाला. त्याचे नाव माधवराव शिंदे. आजच्या वाचकाला हे नाव ऐकताच १९८६ ते १९८९ या काळात रेल्वे खाते सांभाळणारे आणि २००१ मध्ये विमान अपघातात गेलेले माधवराव आठवतील. ते नातू. येथे सांगायची आहे ती आजोबांची कथा. आगगाडी जेवणाच्या टेबलावर आणणारा राजा म्हणून जग त्यांना ओळखते. पण टेबलावरची ती गाडी त्यांच्या आयुष्यातील एक लहानसे प्रकरण होते.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी ग्वाल्हेरला झाला. दौलतरावांच्या मागून आलेले जनकोजीराव आणि त्यांच्या मागून आलेले जयाजीराव हे दोघेही दत्तक होते. माधवराव हे जयाजीरावांचे औरस पुत्र. त्यामुळे या जन्माचे अप्रूप मोठे होते. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७४ मध्ये, जयाजीरावांनी जयविलास राजवाडा बांधून पुरा केला होता. मायकेल फिलोज या वास्तुकाराने उभारलेल्या त्या वास्तूच्या दरबार दालनात दोन प्रचंड झुंबरे टांगली आहेत. प्रत्येकाचे वजन साडेतीन टनांच्या आसपास आणि दिवे अडीचशेच्या घरात. हे ओझे छताला पेलेल की नाही, हे पाहण्यासाठी छतावर हत्ती चढवले होते, असे आजही तेथे सांगितले जाते.

रेल्वेशी घराण्याचा संबंध मात्र झुंबरांहून जुना होता. जयाजीरावांनी १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी आणि १८७३ मध्ये इंदूर-नीमच मार्गासाठी प्रत्येकी पंचाहत्तर लाख रुपये इंग्रज सरकारला कर्जाऊ दिले. ज्या सरकारने आपले आजे-पणजे नामोहरम केले, त्याच सरकारला संस्थानाने रूळ टाकायला पैसा पुरवावा, ही त्या काळाची उलटी गंगा होती. मात्र जयाजीरावांना त्यात सावकाराचे शहाणपण दिसले असावे. पैसा व्याजाने परत येणार होता आणि गाडी दारातून जाणार होती.

जयाजीराव २० जून १८८६ रोजी वारले. माधवराव तेव्हा नऊ वर्षांचे होते. राज्यकारभार मंडळाकडे गेला आणि हा मुलगा मातोश्री सख्याराजे यांच्या छायेत, इंग्रज व देशी शिक्षकांच्या देखरेखीखाली वाढला. वडिलांनी गडाखाली दडवलेला गंगाजळीचा खजिना आणि त्याची खूण मुलाला सांगण्यापूर्वीच त्यांना आलेले मरण, ही कथा या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. पुढे तो खजिना माधवरावांना सापडला आणि त्यांनी तो तळघरात न ठेवता धंद्यात घातला, असेही म्हणतात. कथेतील तपशील बाजूला ठेवले, तरी तिचा रोख त्यांच्या स्वभावाशी जुळतो. पडून राहिलेली वस्तू त्यांना बघवत नसे. ती चालली पाहिजे, फिरली पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता.

१८९४ च्या अखेरीस, अठरा वर्षांचे झाल्यावर, त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्याच्या आगेमागेच राजवाड्याच्या परिसरात दोन फूट रुंदीच्या रुळांवर छोटी गाडी फिरू लागली होती. संस्थानिकाच्या पोराला घोडा, हत्ती, शिकारीची बंदूक मिळते, तसे याला इंजिन मिळाले, एवढेच पाहणाऱ्यांना वाटले असेल. पण घोड्यावर बसणारा राजा घोड्याची नाल ठोकायला शिकत नाही. माधवराव इंजिनाच्या पायरीवर चढले, ते चालवायला शिकले, वाफेचा दाब आणि ब्रेकची पकड यांचा अंदाज घेऊ लागले. पुढच्या आयुष्यात ते स्वतः इंजिन हाकीत, आणि पाहुण्यांना त्याचे जेवढे कौतुक वाटे तेवढीच धास्तीही.

त्या खेळातल्या रुळांची लांबी वाढत गेली. १८९९ मध्ये ग्वाल्हेरहून भिंड आणि शिवपुरी या दोन दिशांना ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे मार्ग खुले झाले. तिसरा फाटा १९०४ मध्ये सबलगढपर्यंत आणि १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोहोचला. हा शेवटचा मार्ग जवळपास दोनशे किलोमीटरचा. रुळांमधील अंतर मात्र सगळीकडे तेच, राजवाड्याच्या बागेतले: दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. शकुंतलेचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे तीही या गाडीपुढे सहा इंचांनी ऐसपैस. चंबळच्या घळींचा आणि मातीच्या ढिगाऱ्यांचा तो मुलूख. तेथे रुंद रुळांची गाडी नेण्याचा खर्च संस्थानाला झेपला नसता. अरुंद रूळ वळणे सहज घेतात, त्यांना भराव कमी लागतो, पूल हलके चालतात. बागेतल्या खेळण्याचे माप राज्याला सोसणारे निघाले, यात योगायोग किती आणि हिशेब किती हे ठरवणे कठीण आहे. पण १८९९ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच साली पावसाने दगा दिला आणि मध्य भारतापासून वऱ्हाडपर्यंत छप्पनचा दुष्काळ पडला. धान्य एका जिल्ह्यात आणि उपाशी माणसे दुसऱ्या जिल्ह्यात, अशा वेळी रूळ कशासाठी असतात हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. वऱ्हाडात तर मुंबईहून आलेला लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ मध्येच नागपूरला पोहोचला होता आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला होता. पण ते रूळ आले होते कापसासाठी, धान्यासाठी नव्हे.

आता त्या प्रसिद्ध टेबलाकडे वळायला हरकत नाही. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टन गावी वेनमन जोसेफ बॅसेट-लोक या तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छोट्या आगगाड्या बनवण्याचा धंदा सुरू केला होता. खऱ्या इंजिनाची हुबेहूब, मापात बसणारी प्रतिकृती ही त्याच्या मालाची ओळख. न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीकडून तो माल घडवून घेई आणि इंग्लंडच्या हौशी मंडळींना विकी. १९०६ च्या सुमारास ग्वाल्हेरच्या राजवाड्यासाठी त्याच्याकडून चांदीची विजेवर चालणारी गाडी आली. इंजिनामागे सात वाघिणी, प्रत्येकीवर सिंदिया या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील एकेक अक्षर, आणि वाघिणीत काचेच्या सुरया, चिरूट, सुकामेवा. जेवण आटोपले की गाडी टेबलावरच्या रुळांवरून पाहुण्यांसमोरून फिरू लागे. कोणी सुरई उचलली की ती थांबे. सुरई परत जागेवर ठेवली की पुढे निघे. राजवाड्यातील संग्रहालयाच्या भोजनगृहात ती आजही आहे.

या गाडीच्या नावावर एक अपघातही जमा आहे. व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत यंत्रणा बिघडली, गाडी न थांबता सुसाट फिरत राहिली आणि बड्या पाहुण्यांच्या अंगावर खाद्यपदार्थ उडाले, अशी ती हकीकत. स्वातंत्र्याच्या काळावरील फ्रीडम ॲट मिडनाइट या १९७५ च्या पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. राजेरजवाड्यांच्या गोष्टी सांगताना मीठमसाला घालण्याची रीत त्या पुस्तकापुरती नाही; तेव्हा हकीकत चवीपुरतीच घ्यावी. तरीही ज्याने छोटी विजेची गाडी कधी रुळांवर ठेवली आहे, तो असा घोटाळा अशक्य म्हणणार नाही.

कारण या गाड्यांची सगळी मौज आणि सगळे दुखणे एकाच गोष्टीत आहे: वीज रुळांतून येते. दोन रूळ एकमेकांपासून विलग ठेवलेले. एका रुळातून वीज चाकात चढते, मोटरीतून फिरते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकातून दुसऱ्या रुळात उतरते. म्हणून एकाच आसावरच्या दोन चाकांमध्ये वीज न वाहू देणारा तुकडा घालावा लागतो. नाहीतर आसच दोन रुळांना जोडून मोकळा होतो. चांदी ही विजेची सर्वांत उत्तम वाहक, तेव्हा शिंदे सरकारच्या गाडीला त्या बाबतीत उणे काही नव्हते. आजचा हौशी माणूस ज्या रुळांना निकेल सिल्व्हर म्हणतो, त्यांत तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदीचा कणही नसतो.

टेबलावरच्या गाडीत प्रवासी नव्हते. वाघिणींत बाटल्याच बसलेल्या. त्यामुळे छोट्या आगगाड्यांच्या छंदातले सर्वांत लोभस दृश्य तिच्या वाट्याला आले नाही. ते दृश्य म्हणजे खोलीतला दिवा मालवल्यावर खिडक्याखिडक्यांतून पिवळा उजेड सांडत जाणारी प्रवासी डब्यांची रांग. अमेरिकेत जोशुआ लायोनेल कोवेन याच्या लायोनेल कंपनीने १९२० च्या दशकात आपल्या मोठ्या गाड्यांच्या डब्यांत बल्ब बसवले आणि नाताळच्या खरेदीत त्या गाड्यांवर उड्या पडल्या. नुसती धावणारी गाडी हे यंत्र वाटते. आत दिवा लागला की तीत कोणीतरी बसले आहे, कोठेतरी निघाले आहे, असे वाटू लागते.

डब्यात दिवा लावणे दिसते तितके सोपे मात्र नाही. डब्याच्या चाकांच्या मागच्या बाजूला पितळेची किंवा ब्राँझची पातळ पट्टी हलकेच टेकवून रुळांतली वीज वर घ्यावी लागते. पट्टी सैल टेकली तर दिवा लुकलुकतो. घट्ट टेकली तर चाक अडखळते, आणि असे पाच-सहा डबे जोडले की इंजिनाला चढ चढवत नाही. पूर्वी गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब मिळत. एकेक बल्ब पन्नास-साठ मिलिअँपियर वीज खाई आणि वर प्लॅस्टिकचे छत वितळवण्याइतका तापे. पाच डब्यांत दोन-दोन बल्ब लावले की दिव्यांनाच मोटरीइतकी वीज लागे. एलईडीने हे दुखणे संपवले. चार-पाच मिलिअँपियरमध्ये डबा उजळतो आणि उष्णता जवळपास नाहीच. पण एलईडीला वीज एकाच दिशेने लागते आणि गाडी मागे फिरवली की रुळांतली दिशा उलटते. म्हणून चार डायोडांचा ब्रिज रेक्टिफायर घालावा लागतो आणि वीज आवरती ठेवायला रेझिस्टर.

एवढे करूनही खरी अडचण उरते ती स्थानकावर. साध्या पद्धतीत रुळांतला विजेचा दाब वाढवला की गाडी वेगाने जाते आणि कमी केला की मंदावते. म्हणजे गाडी फलाटाला लागताना दिवे मिणमिणतात आणि ती थांबताच डब्यांत अंधार होतो. ज्या क्षणी प्रवाशाला उजेड हवा, नेमका त्याच क्षणी तो जातो. त्यावर उपाय म्हणून डब्याच्या स्वच्छतागृहाच्या जागी एक कपॅसिटर दडवतात. गाडी धावताना तो भरतो आणि रुळांवरची धूळ किंवा सांध्यावरचा खंड आला की आपल्याजवळची वीज देतो. तो काही क्षणच पुरतो. मिनिटभर थांबायचे तर मोठा लागतो. १९९० च्या दशकापासून रुजलेल्या डिजिटल पद्धतीत रुळांत वीज सतत खेळती राहते आणि वेगाचा हुकूम इंजिनाला संकेतातून मिळतो, त्यामुळे तेथे हा प्रश्नच सुटला आहे.

गंमत अशी की खऱ्या रेल्वेपुढेही हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि तोही माधवरावांच्या ऐन उमेदीच्या काळात. आधी डब्यांच्या छताला भोके असत. संध्याकाळच्या स्थानकावर हमाल छतावर चढून पेटलेले तेलाचे दिवे त्या भोकांतून खाली सोडत. मग गॅसचे दिवे आले. वीज वापरायची तर ती चालत्या गाडीत आणायची कोठून? इंग्लंडमधील जे. स्टोन कंपनीने १८९० च्या दशकात डब्याच्या आसालाच पट्ट्याने डायनॅमो जोडला. गाडी धावे तोवर डायनॅमो दिवे लावी आणि डब्याखालच्या बॅटऱ्या भरी. गाडी थांबली की बॅटऱ्या दिवे सांभाळत. हिंदुस्थानातील रेल्वेवर ही पद्धत पुढे कित्येक दशके चालली. खेळण्यातला कपॅसिटर म्हणजे डब्याखालच्या त्या बॅटरीचेच बटूरूप.

हा उजेड आधी पहिल्या वर्गाला मिळाला, हे सांगायला नकोच. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांची अवस्था देशभर काय होती, त्यावर १९१७ मध्ये गांधीजींना स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. संस्थानी रेल्वे त्याला अपवाद असल्याचे मानण्याचे कारण नाही. चांदीच्या गाडीने चिरूट वाढणारा राजा आणि भिंडकडच्या डब्यात मुटकुळे करून बसलेला कुणबी हे एकाच राज्यात, एकाच वेळी होते. माधवरावांच्या चरित्रात ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. तीकडे पाहूनच पुढचा हिशेब मांडला पाहिजे. कारण कुणब्याला तो डबा मिळाला होता तोही याच माणसाच्या हौसेतून, आणि शेजारच्या अनेक संस्थानांत तेवढेही झाले नव्हते.

पैसा चालता ठेवण्याची त्यांची वृत्ती टाटांच्या कामी आली. साकचीला पोलादाचा कारखाना उभा राहत असताना भागभांडवल देशी लोकांनी उचलले, पण खेळते भांडवल कमी पडत होते. त्यासाठी काढलेले चार लाख पौंडांचे सगळे कर्जरोखे एकट्या माधवरावांनी घेतले. ज्या देशात रुळाचा तुकडासुद्धा विलायतेहून येई, तेथे पोलाद गाळण्याच्या या पहिल्या मोठ्या खटाटोपात त्यांनी एवढी रक्कम एका झटक्यात गुंतवली. रेल्वेवेड्या माणसाला रूळ कशाचे होतात हे ठाऊक असते.

जहाजांची गोष्टही अशीच. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंडाळी झाली तेव्हा माधवराव ब्रिटिश फौजेबरोबर स्वतः तेथे गेले आणि ग्वाल्हेर नावाचे रुग्णालय-जहाज त्यांनी दिले. पहिल्या महायुद्धात कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे एम्प्रेस ऑफ इंडिया हे जहाज विकत घेऊन त्यांनी त्याचे लॉयल्टी या नावाने रुग्णालय केले. नावावरूनच हेतू उघड होता: साम्राज्यनिष्ठा. पण युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी तेच जहाज घेतले, ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले आणि इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला देशी आव्हान उभे राहिले. त्या कंपनीचे नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ठेवले गेले. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. निष्ठेच्या नावाचे जहाज स्वदेशीच्या कामी यावे, ही विधिलिखिताची थट्टा म्हणावी लागेल. माधवरावांना ती रुचली की खुपली, हा तर्काचा विषय आहे.

या उद्योगी राजाचे घरातले जीवन मात्र सरळ रुळांवरून गेले नाही. पहिल्या राणीसाहेब चिनकूराजे यांच्यापासून संतान नव्हते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे हिच्याशी दुसरा विवाह ठरला, तयारी झाली, आणि १९११ च्या दिल्ली दरबारानंतर वधूनेच पत्र लिहून लग्न मोडले. तिचे मन कुचबिहारच्या जितेंद्र नारायणांवर जडले होते. हिंदुस्थानातील दोन थोर मराठी घराण्यांत अशी गोष्ट घडावी याचा त्या काळी केवढा बोभाटा झाला असेल! माधवरावांनी मात्र हे पचवले. पुढे गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कन्या कमलाराजे आणि २६ जून १९१६ रोजी पुत्र जिवाजीराव झाले. इंग्लंडचे राजा-राणी यांच्या स्मरणार्थ मुलांना मेरी आणि जॉर्ज ही नावेही जोडली गेली.

त्यांच्या कारभाराचे वैशिष्ट्य होते सततची पायपीट. दौरे, तपासण्या, अचानक भेटी. धोरणाच्या प्रत्येक अंगावर स्वतः टिपणे लिहून ती ग्रंथरूपाने छापून घेणे. संगीतात घराण्यांची गुरुकिल्ली गुरूच्याच कमरेला असण्याचा तो काळ. तेव्हा भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघाले आणि शास्त्रीय संगीत वर्गात, फळ्यासमोर शिकवले जाऊ लागले. शिवपुरी ही त्यांची उन्हाळी राजधानी. तेथले तलाव, बागा आणि वाडे त्यांच्याच काळातले.

सगळीच यंत्रे त्यांच्या हुकमात चालली, असे नाही. ग्वाल्हेरला पाणी मिळावे म्हणून सांक नदीवर तिघरा येथे १९१६ मध्ये धरण बांधून झाले. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १९१७ मध्ये, पुराच्या दाबाने ते फुटले आणि खालच्या बाजूची गावे वाहून गेली, असंख्य माणसे गेली. पायाखालच्या वालुकाश्माच्या थरांत पाणी शिरून भिंत उचलली गेली, असे तज्ज्ञ सांगतात. टेबलावरची गाडी घसरली तर रस्सा सांडतो. राज्यातले यंत्र घसरले की काय होते, ते तिघऱ्याने दाखवले. राजाच्या चरित्रातील हे पान चांदीच्या गाडीच्या गोष्टीइतके कोणी वाचत नाही. वाचायला हवे. धरण पुढे पुन्हा उभे राहिले आणि ग्वाल्हेर शहर त्याचेच पाणी पिऊ लागले.

१९२५ मध्ये माधवराव युरोपला गेले ते परतले नाहीत. ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. मागे राहिलेल्या जिवाजीरावांना नववे वर्षही पुरे व्हायचे होते. वडिलांच्या वाट्याला जे आले तेच मुलाच्याही वाट्याला आले: पोरवयातली गादी आणि मंडळाचा कारभार. शिवपुरीला मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोरच माधवरावांची संगमरवरी छत्री उभारली गेली. रंगीत दगडांच्या जडावकामासाठी ती पाहण्यासारखी आहे.

त्यांचे रूळ त्यांच्यामागे बरेच टिकले. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत आली. शिवपुरीचा अरुंद मार्ग पुढे बंद पडला, भिंडचा रुंद झाला. श्योपूरची गाडी मात्र तशीच राहिली. दोनशे किलोमीटरला दहा-अकरा तास, छतावर डब्यातल्याइतकीच गर्दी, आणि वाटेतल्या गावकऱ्यांना तिची वेळ घड्याळापेक्षा सवयीने ठाऊक. दरम्यान १९८८ मध्ये, माधवरावांचे नातू रेल्वेचे मंत्री असताना, देशातील पहिली शताब्दी एक्सप्रेस दिल्लीहून ग्वाल्हेरमार्गे झाशीपर्यंत सुरू झाली. ती आग्रा-ग्वाल्हेरच्या त्याच वाटेने धावू लागली, जिच्यासाठी खापरपणजोबांनी नव्हे, पणजोबा जयाजीरावांनी पंचाहत्तर लाख मोजले होते. वऱ्हाडच्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये डिझेलला जागा देऊन गेले आणि पुढे गाडीही थांबली. श्योपूरची गाडी मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. मार्ग रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले आणि दोन फुटी रूळ उखडले जाऊ लागले. जयविलासच्या भोजनगृहातले रूळ तेवढे जागेवर आहेत.